हाळी

देवाने विलास संकपाळांना आवाज देताना हात आखडता घेतलाच नव्हता. त्यात पुन्हा गड्याला भोंगा लागायचा! हिवाळ्यात कोयनेच्या धरणाच्या पाण्यावर सकाळी असं धुकं पसरायचं, की पलीकडचा डोंगर जागेवर आहे की कोणी उचलून नेला, तेही कळू नये. त्या मऊ, राखाडी शांततेत एक लाँच निघायची. हल्लीच्या लाँच बॅटरीवर चालतात, त्यांना आवाज म्हणून नसतो. ती कसर विलासराव एकटे भरून काढायचे.

"हाण इशू! खांदा उचल! अजून एक! अजून एऽऽक!"

देऊरवाडीची माणसं चुलीपाशी हात शेकत म्हणायची, "मास्तर सुटले. आता कोंबड्यानं आरवून तरी काय उपयोग?"

विलासराव गावच्या हायस्कूलमध्ये खेळाचे शिक्षक. तरुणपणी एकदा समुद्रात पोहण्याच्या मोठ्या स्पर्धेला गेले होते आणि अर्ध्यावर हातपाय गाळून होडीत चढले होते. त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण ती होडी त्यांच्या मनातून काही जात नव्हती. पाण्यात पुढे चाललेली ती त्यांची एकुलती एक लेक ईश्वरी. सतरा वर्षांची, राज्यात पहिली. फेब्रुवारीत आशियाई स्पर्धेसाठी लांब पल्ल्याची निवड चाचणी होती, आणि तीही याच पाण्यात, घरच्या अंगणात म्हणा ना! तिच्या वेगाच्या आसपाससुद्धा कोणी नव्हतं. तिने नुसतं अंतर पुरं केलं की संघात जागा ठरलेली. अडचण एवढीच, की पोरगी अंतर पुरं करत नव्हती.

वर्षभर हेच चाललं होतं. अर्ध्याहून जास्त पल्ला देखणा जायचा. मग खोल पाण्यात, जिथे खाली जुनी देऊरवाडी बुडालेली आहे, तिथे ईश्वरी हात थांबवायची, उताणी व्हायची आणि आभाळ बघत तरंगत राहायची. दम लागलेला नसायचा, पेटका आलेला नसायचा. विलासराव ओरडून ओरडून जांभळे पडायचे. भोंग्याची बॅटरी संपायची, त्यांची नाही.

"काय होतं गं तुला तिथं?" त्यांनी एकदा काकुळतीला येऊन विचारलं.

"काहीच होत नाही आण्णा. हात हलवावेसे वाटत नाहीत. खाली घरं असतील, वाटा असतील, असं मनात येतं. छान वाटतं."

"छान वाटतं! अगं, छान वाटायला पोहतो का आपण?"

ईश्वरीने बापाकडे पाहिलं आणि टॉवेलात तोंड लपवलं. तिला याचं उत्तर येत होतं, पण ते द्यायची सोय नव्हती.

शेवटी विलासराव तिला घेऊन पुण्याला गेले. त्या वर्षी पुण्याच्या 'स्फुरण' प्रयोगशाळेचं नाव जिकडे तिकडे झालं होतं. तिथल्या डॉ. केतकी दाभाडे या बाईंनी जो शोध लावला होता, तो सांगायला सोपा आहे. मेंदूचे दोन अर्धे भाग जिथे एकमेकांना टेकतात, तिथे आतल्या अंगाला, कपाळाच्या थोडं मागे, एक लहानसा पट्टा असतो. माणूस 'आता नको' आणि 'अजून थोडं' यांच्या उंबऱ्यावर उभा राहतो, तेव्हा निवाडा हा पट्टा करतो. त्याला विजेचा हलका स्पर्श केला तर माणसाला उभारी येते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं. दाभाडेबाईंनी पुढचं शोधलं. वीज कशाला, आवाज पुरतो! पण वाटेल तो नाही. लहानपणी मूल आपल्या मर्जीने धडपडत असतं, तेव्हा जो आवाज त्याच्या अवतीभवती असतो, तो त्या पट्ट्याकडे एक पाट पाडून ठेवतो. पुढे जन्मभर त्या आवाजाचं पाणी आलं की पट्टा भिजतो.

मग काय, यंत्र निघालं. कानामागच्या हाडावर चिकटवायचा एक मणी. तो उभारी कुठे ढिली पडते ते बरोबर ओळखायचा आणि त्याच क्षणी तुमचा तो आवाज तुम्हाला ऐकवायचा. आवाजाचा नमुना एकदा मिळाला की त्या आवाजात यंत्र हवी ती वाक्यं बोलायचं. पुण्यात लोक वारलेल्या आजोबांच्या शिव्या खात दंड काढू लागले. एका बँक मॅनेजरला सापडला तो पाचवीतल्या बाईंचा आवाज, आणि तो गृहस्थ रोज सकाळी नेमाने धावू लागला. खेळांच्या संघटनांनी पुष्कळ खळखळ करून अखेर मण्याला परवानगी दिली.

आवाज शोधायची रीत अशी, की घरच्या-दारच्या सगळ्या माणसांचे आवाज ऐकवायचे आणि पट्टा कशाने उजळतो ते पडद्यावर बघायचं. विलासरावांनी स्वतःचा आवाज भरपूर नेला होता, निरनिराळ्या पट्टीतला. शाळेतल्या बाईंचा नेला, आत्याचा नेला, मैत्रिणींचा नेला.

"आणि हिच्या आईचा?" दाभाडेबाईंनी विचारलं.

"तिचा कशाला? तिला पोहण्यातलं काय कळतं?"

बाईंनी एकेक आवाज सोडला. ईश्वरी डोळे मिटून पडली होती. आत्या झाली, मैत्रिणी झाल्या, पडदा मख्ख. मग विलासरावांचा 'अजून एक' घुमला. विलासराव खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर एक ठिणगी उडाली खरी, पण भलत्याच जागी.

"ही कुठली जागा?"

"भीतीची," बाई हलकेच म्हणाल्या. "थोडीशीच आहे."

बाईंनी मग एक जुना व्हिडिओ लावला. ईश्वरी नऊ वर्षांची असताना तिचा हात कसा पडायचा, ते दाखवायला विलासरावांनीच तो आणला होता. त्यात पाणी होतं, पोर होती, आणि मागे कुठून तरी, चित्राच्या बाहेरून, एक हाळी येत होती.

"पुरे झालं गंऽऽ इशूऽऽ! ये आता बाहेऽऽर!"

आणि पट्टा उजळला. असा उजळला, की दाभाडेबाई उभ्याच राहिल्या. खाटेवर पोरगी डोळे मिटूनच हसली.

"मशीन बिघडलंय तुमचं," विलासराव म्हणाले. "बाहेर ये म्हणणारा आवाज पोरीला पुढं कसा ढकलेल?"

"ते मला नाही सांगता येणार. कुठे उजळलं तेवढं मशीन दाखवतं. कोणाचा आवाज आहे हा?"

"हिच्या आईचा," विलासराव पुटपुटले.

त्या खोऱ्यात हाळीला मान आहे. पाण्याच्या या काठावरून त्या काठाला होडी बोलवायची, माणूस बोलवायचा, तर नुसतं बोंबलून भागत नाही. प्रत्येक घराच्या हाळीची चाल वेगळी. आवाज ओळखू आला नाही तरी चालीवरून घर कळतं. ईश्वरीच्या आईची, सारिकाची, हाळी खालच्या सुरात निघायची आणि शेवटी पाण्यावरून लोळत लोळत जायची. आठ वर्षांपूर्वी रोज जेवणवेळी ती काठावर येऊन हाळी घालायची. पाण्यातून पोर ओरडायची, "आलेऽऽ! एकच फेरी!" आणि एकीच्या तीन मारायची. सारिका पदराला हात पुसत उभी राहायची.

विलासरावांना यातलं अर्धंच दिसलं, बायको पोरीला बाहेर बोलावते एवढंच. एके दिवशी घाटावर चार माणसांत ते म्हणाले, "सारिका, उद्यापासून तू काठावर यायचं नाही. तुझ्या मायेनं पोरीचं लोणी करशील." सारिका भांडली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून आली नाही, बस्स. एकट्यात बोललेलं ती विसरली असती. चारचौघांतलं विसरायची तिची रीत नव्हती.

आता तिच्यासमोर बसून तिचाच आवाज मागायचा म्हणजे विलासरावांना आगीतून चालल्यासारखं झालं. सारिका भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"न्या की," ती म्हणाली. "आवाज काय झिजतोय व्हय?" भाकरी उलटताना मात्र ती स्वतःशीच हसली, आणि ते हसू विलासरावांनी मुद्दाम पाहिलं नाही.

चूक झाली ती पुढे. खोऱ्याबाहेरच्या माणसाच्या हातून झाली असती तर समजू शकलं असतं, पण केली हाळीच्याच खोऱ्यातल्या माणसाने. 'स्फुरण'च्या लोकांनी विचारलं, मण्यातून काय बोलायचं? विलासरावांची 'पुरे, बाहेर ये' हे शब्द मण्यात घालण्याची छाती होईना. चाचणीच्या ऐन वेळी पोर खरंच बाहेर आली तर? त्यांनी गळा ठेवला बायकोचा आणि त्यात शब्द भरले आपले. 'हाण इशू. थांबू नकोस. अजून एक.' वर चाल काढून टाकली, कारण लांबण लावल्याने वेळ जातो.

पहिल्या दिवशी ईश्वरी अशी गेली, की लाँचला तिला गाठता येईना. विलासराव भोंगा मांडीवर ठेवून नुसते बघत राहिले. धुक्यात तिचे हात दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. बुडालेल्या गावावरून ती थांबलीच नाही. त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

आठवडाभर असंच गेलं. मग एका दुपारी घरात एक लहानशी गोष्ट घडली. मणी काढून डबीत ठेवलेला होता. ईश्वरी जेवायला बसली होती. सारिका नेहमीसारखं म्हणाली, "इशू, अजून एक भाकर घे गं."

ईश्वरी उठून उभी राहिली. हात आमटीत माखलेला, खांदे ताठ, श्वास वर चढलेला, नजर कुठेतरी लांब. घास तोंडात तसाच होता.

"इशू? बस की. काय झालं?"

आईचा आवाज पुन्हा आला आणि पोरीचे दंड थरथरले. "आई, तू बोलू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "तू बोललीस की मला पळावंसं वाटतं. मला नाही पळायचं, तरी वाटतं." आणि ती रडायला लागली.

सारिकाने नवऱ्याकडे पाहिलं. "काय केलंत माझ्या आवाजाचं?"

विलासरावांनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की सारिकाला पुढे वाकावं लागलं.

विलासरावांनी दाभाडेबाईंना फोन लावून सगळं सांगितलं. "पाट तोच आहे, त्यात पाणी दुसरं सोडलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं नुसता आवाज पुरेल. आवाज काय म्हणायचा, हेही त्या पट्ट्याने जपून ठेवलेलं असणार. माझीही चूक आहे. मणी बंद करा."

"आणि पोरीला आईचा आवाज?"

"परत येईल बहुतेक. काही मागणी न करता ऐकू येत राहिला तर. पण कधी, ते मी सांगू शकत नाही."

पण पोरच 'बोलू नकोस' म्हणाली होती, म्हणून त्या दिवसापासून सारिका लेकीसमोर बोलायची बंद झाली. वाढताना हाताने विचारायची, झोपताना पांघरूण घालून डोक्यावर हात ठेवायची. घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं. माणसं हलत होती, भांडी हलत होती, आवाज नव्हता. विलासरावांना शाळेत शिट्टी फुंकायचीसुद्धा लाज वाटू लागली. ईश्वरी मात्र सकाळी उठून पाण्यात जायची. का जाते, हे तिला कोणी विचारलं नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी विलासराव परड्यात बायकोशेजारी जाऊन बसले.

"उद्या लाँचवर चल," ते म्हणाले. "ती थांबली, तर तू हाळी घाल. तुझी खरी. चालीवर, जुन्या शब्दांत."

"आणि मी पुरे म्हटलं, आन ती खरंच बाहेर आली तर? चालंल तुमास्नी?"

"चालेल."

"खोटं बोलताय. गळ्यावरनं कळतंय मला." ती उठली. "पर येते मी. तिच्यासाठी येते."

चाचणीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की पंचांची होडी वीस हातांवरूनही पुसट दिसत होती. नियम साधा होता. पोहणाऱ्याने कोणत्याही होडीला किंवा माणसाला हात लावला, की त्याची चाचणी संपली. ईश्वरीच्या कानामागे काही नव्हतं. बरोबरीच्या पोरी मागे पडल्या, मग दिसेनाशा झाल्या. पाणी, धुकं, एक काळी टोपी आणि मागे बिनआवाजाची लाँच, एवढंच जगात उरलं. विलासरावांनी भोंगा आणला होता, पण तोंडाला लावला नव्हता. त्यांना वाटलं, आपण तिघं कोणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत आणि बोललो तर ते माणूस जागं होईल.

बुडालेल्या गावावर ती थांबली. उताणी झाली. तिच्या चेहऱ्यावर ऊन-धुक्याचा पांढरा उजेड पडला होता. विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. सारिका उभी राहिली, तळहात तोंडाशी नेले, आणि आठ वर्षं दाबून ठेवलेली हाळी पाण्यावर सोडली.

"पुरे झालं गंऽऽ इशूऽऽ! ये आता बाहेऽऽर!"

ईश्वरी झटक्यात पालथी झाली आणि सुटली.

"बघ! बघ, चालली!" विलासरावांनी मांडीवर थाप मारली. "अगं, चालली की!"

सारिका हसली नाही. "अहो, तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. पयलं ती बघायची. 'आले' म्हणायची." ती पुढे वाकली. "इशूऽऽ! ये गंऽऽ!"

ईश्वरीचे हात आणखी जोरात पडू लागले. आता विलासरावांनाही दिसलं. हे पोहणं नव्हतं. चाबूक बसलेला बैल चढावर जातो, तसं ते होतं. शब्द 'ये' म्हणत होते, पण पोरीच्या आत त्या गळ्याला आता एकच अर्थ उरला होता. डावा हात वाकडा पडत होता, तोंड पाण्याबाहेर पुरतं येत नव्हतं, ओठ निळे पडले होते. हाक ऐकली की ती पुढे, आणि 'ये' म्हटलं की आणखी पुढे. सारिकाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

तरी पोर तशीच जात राहिली, बरंच पाणी मागे पडलं, आणि समोरचं धुकं वर उचललं. शेवटाच्या पताका दिसल्या, लाल आणि पिवळ्या, अगदी जवळ. माणसं हात हलवत होती. विलासरावांनी मनात अंतर मोजलं. गप्प बसलं तर झालं. काहीही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं, आणि पोरगी पोचेल. बहुतेक पोचेल. आशियाई संघ. तरुणपणीची ती होडी कायमची बुडेल. आणि नाही पोचली तर? त्यांनी पुन्हा ते निळे ओठ पाहिले.

भोंगा त्यांनी पायाने बाजूला सारला आणि ते लाँचच्या काठावर ओणवे झाले. आयुष्यात कधी न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडात आडवे आले. निघाला तो आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, इतका लहान होता.

"इशू. पुरे, बाळा. ये बाहेर."

एक हात पडला. दुसरा अर्ध्यात थांबला. ईश्वरीने मान वर काढली आणि डोळ्यांवरचं पाणी झटकत ती लाँचकडे बघू लागली.

"आण्णा?" तिचे दात वाजत होते. "तुम्ही म्हणालात?"

"मीच. पुरे म्हणतोय."

"पण त्या तिथं पताका…"

"दिसतायत मला. असू देत. ये."

तिने पताकांकडे पाहिलं, मग बापाकडे. विलासरावांनी दोन्ही हात पाण्यात घातले होते, कोपरापर्यंत. त्यांना वाटलं ती वळेल आणि जाईल, आणि गेली तरी आता आपण ओरडणार नाही. ईश्वरी दोन हात मारून आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. पंचांच्या होडीवर लाल झेंडा वर गेला. विलासरावांनी तिकडे मान वळवली नाही. त्यांनी लेकीला वर ओढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि तिच्या पाठीवर गाल टेकून ते हमसून हमसून रडले. एवढा दांडगा माणूस, पण रडायला त्याला मुळीच आवाज नव्हता.

लाँच तशीच उभी राहिली. सारिका लेकीचे पाय मांडीवर घेऊन चोळत होती, ओठ घट्ट मिटून. बऱ्याच वेळाने ईश्वरीचे दात वाजायचे थांबले.

"आई, बोल की," ती म्हणाली. "ऐकू दे. बघू काय होतं."

सारिकाने घाबरत नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ती अगदी हळू म्हणाली, "भूक लागली का गं?"

ईश्वरी डोळे मिटून, आत कुठेतरी कान देऊन बसली. खांदे ताठ झाले. श्वास वर गेला, थांबला, आणि मग खाली आला.

"लागली," ती म्हणाली. आणि जागेवरच बसून राहिली.

लाँच घराकडे वळली. मागे दुसऱ्या कुठल्या तरी पोरीसाठी टाळ्या वाजत होत्या. ईश्वरीने लाँचवरून हात खाली सोडला होता आणि पाणी तिच्या बोटांमधून जात होतं. काठ जवळ आला तेव्हा तिने विचारलं, "आण्णा, उद्या किती वाजता निघायचं?"

विलासरावांना आधी नीट कळलंच नाही. "उद्या? उद्या कशाला? आता कुठली चाचणी, कुठलं काय…"

"चाचणी नाही हो. पोहायला."

विलासरावांनी तोंड उघडलं. ठरलेली वेळ ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली.

"तुला जाग येईल तेव्हा," ते म्हणाले.